चिनी ‘सोंग’ आणि माझे सोंग

नऊ वर्षे कराटे केल्यानंतर आपला ठोसा चांगला आहे असे मला वाटत होते, आणि तसे वाटण्याला कारणही होते. वजनदार बॅगवर त्याचा आवाज मोठा येत असे, फळी फुटत असे, आणि पट्ट्याच्या परीक्षांमध्ये त्याबद्दल कोणी कधी तक्रार केली नव्हती. उजव्या खांद्याच्या दुखण्यामुळे जोरकस सराव काही महिने बंद ठेवावा लागला, तेव्हा निदान सावकाश हालचाली तरी चालू राहतील एवढ्याच हिशेबाने मी ताई ची आणि यीच्वान या चिनी युद्धकला शिकवणाऱ्या एका शिक्षकांकडे गेले. त्यांनी मला ठोसा मारून दाखवायला सांगितलेच नाही. ठोसा संपतो तिथे हात ठेवून नुसती उभी राहा, असे म्हणून त्यांनी माझ्या मुठीवर आपला तळहात टेकवला आणि ते हळूहळू भार वाढवत गेले. तो भार मुळीच फार नव्हता. अर्धवट उघडे राहिलेले दार लोटायला लागेल इतकाच असेल. आधी माझे मनगट मुडपले. ते मी ताठ केले तेव्हा कोपर बाहेर फिरले, कोपर आवरले तेव्हा खांदा कानाकडे चढला, आणि खांदा दाबून धरला तेव्हा कंबर मागे कलून पुढच्या पायाचा चवडा जमिनीवरून सुटला. प्रत्येक वेळी ते भागाचे नाव आधी घेत आणि तो भाग गेल्याचे मला नंतर कळे; जणू माझ्या शरीराची बातमी माझ्याआधी त्यांच्या तळहाताला पोचत होती. शेवटी ते म्हणाले, “हात इथे आहे. बाकीची तू कुठे आहेस?”

मराठीत कामचुकारपणाला ‘अंग चोरणे’ म्हणतात, आणि आक्रसून, जागा कमी व्यापून बसण्यालाही तेच म्हणतात. पुढच्या सहा वर्षांत मी जे शिकले त्याला याहून नेमके नाव मला सापडलेले नाही. संपूर्ण शरीराने एकत्र काम करणे म्हणजे बाहेरून मिळवायची एखादी नवी शक्ती असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात कोणता सांधा, कोणता स्नायू नेमका कधी अंग चोरतो ते ओळखायचे आणि त्याला तसे करू द्यायचे नाही, असे ते काम निघाले. त्यातली अडचण अशी की जे अंग चोरते ते चोरताना कळत नाही. त्याच्या वाट्याचे काम शेजारचा निमूटपणे उचलतो आणि आपल्याला जाणवतात ते या शेजाऱ्याचे कष्ट. माझा दुखरा खांदा हा असा गरीब शेजारी होता. चोर कमरेखाली कुठेतरी होता आणि त्याला शोधायला मला जवळजवळ दोन वर्षे लागली.

खांद्याची रचना पाहिली की ही पाळी त्याच्यावरच का येते ते कळते. हाताचा सगळा सांगाडा धडाच्या सांगाड्याला हाडाने जोडलेला असतो तो एकाच ठिकाणी, हासळीचे हाड छातीच्या मधल्या हाडाला मिळते त्या लहानशा सांध्यात. पाठीवरचे खांद्याचे पाते बरगड्यांवर हाडाने टेकलेले नसते, ते स्नायूंच्या आधाराने तरंगत असते. त्यामुळे मुठीवर आलेला भार धडापर्यंत न्यायचा तर तो मुख्यतः या स्नायूंमधूनच जावा लागतो, आणि ते ढिले असले किंवा उलट एकमेकांविरुद्ध ओढत गोठून बसले असले, तर भार तिथेच अडतो. पाठीमागच्या बाजूला मात्र निसर्गाने चांगली सोय केलेली आहे. दंडाच्या हाडापासून निघणारा पाठीचा रुंद स्नायू कमरेवरच्या जाड पडद्यासारख्या ऊतीत, म्हणजे फॅशियात, मिसळतो, आणि त्याच पडद्याला विरुद्ध बाजूच्या नितंबाचा मोठा स्नायूही मिळतो. उजवा हात आणि डावा पाय यांच्यातला हा तिरका दुवा प्रत्येकाच्या शरीरात असतो. माझ्याही शरीरात तो होता, पण कराटेतल्या नऊ वर्षांत मी त्याला फारसे काम दिले नव्हते.

पहिले काम मिळाले ते उभे राहण्याचे. पाय खांद्यांइतके दूर, गुडघे किंचित सैल, हात छातीसमोर एखादे मोठे झाड कवेत घेतल्यासारखे, आणि बस, एवढेच. यीच्वानचे प्रवर्तक वांग श्यांगचाय (१८८५–१९६३) यांनी ठरावीक हालचालींच्या मालिका बाजूला ठेवून या उभ्या सरावालाच शिक्षणाचा गाभा मानले. ‘उभे राहणे’ हे ऐकायला सोपे वाटते, पण माणसाचा एक हात त्याच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के भरतो. माझ्या बाबतीत ते दोन हात मिळून सहा किलो होतात, आणि ते सहा किलो समोर धरून पहिल्या आठवड्यात मी पाच मिनिटेही नीट टिकले नाही. खांद्यांच्या पुढच्या बाजूला आग होई, मांड्या थरथरत, आणि मन घड्याळाकडे जाई. तिसऱ्या महिन्यात वीस मिनिटे जमू लागली, वर्षाच्या शेवटी चाळीस. मिनिटांचा हा हिशेब मी त्या वेळी अभिमानाने ठेवत असे, पण आज तो मला जवळजवळ निरर्थक वाटतो, कारण त्यातला बराचसा काळ मी सराव करत नव्हते, सहन करत होते.

सहन करणे आणि सराव करणे यांतला फरक मला एका साध्या सूचनेने कळला. खांदे भरून आले की ते हलवायचे नाहीत आणि दात आवळून रेटायचेही नाही; आत्ता हात नेमके कशाने वर धरले आहेत एवढे शोधायचे. शोधल्यावर दिसे की हात वर राहायला लागतो त्याच्या कितीतरी पट जोर मी लावते आहे. दंडाचा पुढचा स्नायू उचलतो आहे, मागचा त्याला खाली ओढतो आहे, आणि या आपसातल्या भांडणाचा थकवा मी हातांच्या वजनावर ढकलते आहे. त्यातला थोडासा जोर सोडला की हात किंचित खाली येत, मग पाठीचा खालचा भाग, बरगड्यांच्या बाजू आणि शेवटी तळपायांच्या टाचा जाग्या झाल्यासारख्या वाटत. पंधरा-वीस सेकंदांनी ते सगळे पुन्हा नाहीसे होई आणि खांदा पुन्हा मालक होऊन बसे. चाळीस मिनिटांत असे किती वेळा सोडता आले, हा मोजण्याजोगा आकडा होता. पण तो मी त्या काळात मोजला नाही.

जोर सोडल्यावर जाणीव का वाढते, याचे एक कारण कुस्ती, कराटे, ताई ची अशा कोणत्याही परंपरेच्या बाहेरचे आहे आणि मला ते फार उपयोगी पडले. एकोणिसाव्या शतकात एर्न्स्ट हाइनरिख वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने दाखवले की वजनातला फरक आपल्याला मुळात किती वजन आहे त्या प्रमाणात कळतो. हातात एक किलो असताना पन्नास ग्रॅमची भर पडली तर ती जाणवते; दहा किलो असताना तेवढीच भर पडली तर पत्ता लागत नाही. आवळलेल्या शरीराचे असेच होते. खांद्यात आधीच मोठा ताण कोंडलेला असला, तर जोडीदाराच्या बोटाने मनगटावर आणलेला हलका दाब त्या गोंगाटात बुडून जातो. स्नायूंची लांबी आणि कंडरांवरचा ताण मोजणारे संवेदक आपल्या प्रत्येकात असतात, आणि त्यांच्याकडून मिळणाऱ्या या अंतर्गत जाणिवेला ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये ‘प्रोप्रिओसेप्शन’ हे नाव दिले. मला नवे संवेदक कमवायचे नव्हते, आहेत त्यांना ऐकू येईल इतकी शांतता आत करायची होती.

चिनी परंपरेत या शांत सैलपणाला जो शब्द आहे त्याचा उच्चार जवळजवळ ‘सोंग’ असा होतो, आणि मराठी माणसाला तो ऐकताना हसू आल्याशिवाय राहत नाही. पहिले संपूर्ण वर्ष मी जे करत होते ते मराठीतलेच सोंग होते. चेहरा शांत, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, खांदे पाडलेले, छाती आत ओढलेली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, काय ही साधना! शिक्षकांनी एकदा जवळ येऊन माझ्या हातावर नुसते एक बोट ठेवले आणि माझा हात पोटाला येऊन टेकला. मी सैल झाले नव्हते, अंग टाकून दिले होते. दोन्हींमधला फरक त्यांनी त्या अक्षरावरूनच समजावला. जुन्या चिनी लिपीत या अक्षराच्या डोक्यावर केसांचे चिन्ह आहे, म्हणजे मोकळे सोडलेले केस. मोकळा केस कुठेही आवळलेला नसतो, पण मुळाशी घट्ट रुजलेला असतो आणि आपल्या वजनाने टोकापर्यंत लांबलेला असतो. सैलपणात लांबी हवी, हे मला त्या दिवसापर्यंत कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असूनही मी ऐकले नव्हते. टाळू वर, माकडहाड खाली, कोपरे जड, बोटांची टोके दूर, अशा उलट्या दिशांना शरीर हळुवार ताणून धरले की मधले सांधे मोकळे होतात आणि तरीही कोलमडत नाहीत. हे एकदा नीट साधले तेव्हा तेच बोट पुन्हा हातावर आले आणि हात हलला नाही. मी जास्तीचा जोर लावलेला नव्हता, आणि त्याचे मलाच नवल वाटले.

श्वासाचा भाग मी थोडक्यात सांगते, कारण त्यावर गूढ बोलणारे पुष्कळ आहेत. मला लागलेली खोड साधी होती: भार आला की मी श्वास रोखत असे. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, हा श्वासाचा मुख्य स्नायू असला तरी त्याचे मागचे धागे कमरेच्या मणक्यांना जोडलेले आहेत आणि धड स्थिर ठेवण्यातही त्याचा वाटा असतो. तो छातीत वर अडकवून ठेवला की धडाचा वरचा अर्धा आणि खालचा अर्धा वेगवेगळे होतात. बेंबीच्या थोडे खाली, ओटीपोटात, जिथे चिनी परंपरा दानतियान, म्हणजे शरीरातल्या शक्तीचे केंद्र, मानते, तिथे श्वास ‘पाठवायला’ मला सांगत तेव्हा मी आधी पोट फुगवू लागले, आणि ते चुकीचे होते. कमरेच्या मागच्या बाजूला आणि बरगड्यांच्या खालच्या कडांना श्वास घेताना पसरायला जागा मिळाली की पोटाला वेगळे काही सांगावे लागत नाही. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण याच उंचीवर, त्रिकास्थीच्या, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाच्या, पुढे असतो हे लक्षात आल्यावर त्या जागेबद्दलचे माझे अवघडलेपण पुष्कळ कमी झाले.

आता माझ्या फजितीचा काळ. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला उभी असताना माझे तळहात गरम होऊ लागले, बोटांना मुंग्या येऊ लागल्या, आणि दोन्ही हातांच्या मध्ये काहीतरी दाट, लवचीक भरलेले आहे असे वाटू लागले. मी हे अत्यंत उत्साहाने शिक्षकांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, माझ्या मनगटावर हात ठेवला आणि एका बाजूला हलकेच ढकलले. मी दोन पावले गेले. “छान वाटते आहे ना? वाटू दे,” एवढेच ते म्हणाले. मला राग आला आणि तो बरेच दिवस टिकला. मात्र त्या रागातून मी एक शिस्त उचलली, जी आजही सोडलेली नाही: आत काय जाणवते याची नोंद घ्यायची, पण ते खरे आहे का याचा निकाल बाहेरून आलेल्या दाबाने द्यायचा. रक्तपुरवठा वाढला की तळहात गरम होतात, हात बराच वेळ एका स्थितीत राहिले की मुंग्या येतात. या संवेदना खोट्या नसतात, पण त्यांचा अर्थ लावण्याची आपल्याला जी घाई असते ती बहुतेक वेळा चुकते.

तपासणीची आमची पद्धत अशी होती. जोडीदाराने मनगटावर किंवा कोपरावर तळहात ठेवून भार शून्यापासून अगदी सावकाश वाढवायचा, आणि माझ्यावर तीन बंधने: खांदा चढता कामा नये, श्वास थांबता कामा नये, आणि भाराच्या दिशेने शरीर झुकता कामा नये. तिसरे बंधन सर्वांत जाचक. झुकून समोरचा भार पेलणे सोपे असते आणि ते स्थैर्यासारखेच दिसते. म्हणून जोडीदाराला मुभा होती की त्याने मध्येच हात काढून घ्यावा. हात निघताच जो पुढे पडला तो टेकून उभा होता, हे सर्वांसमोर सिद्ध होई. मी किती वेळा पुढे पडले याची गणना नाही. भार जिथून पुढे जात नाही ती जागा जोडीदाराच्या तळहाताला एखाद्या सैल कडीसारखी जाणवते आणि तो तिचे नाव घेतो, “खांदा”, “कंबर”, “उजवा गुडघा”. मग मी तिथला ताण सोडायचा किंवा तिथली ढील काढायची आणि त्याने पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची. एका तासात आम्ही फार तर दोन स्थिती तपासत असू.

असेच एकदा, जवळजवळ दोन वर्षांनंतर, माझ्याहून पंचवीस किलोंनी जड असलेला जोडीदार माझ्या पुढे असलेल्या उजव्या हातावर भार वाढवत होता, डावा पाय मागे होता, आणि मी नेहमीप्रमाणे खांद्याची काळजी करत होते. काही कारणाने माझे लक्ष डाव्या जांघेच्या घडीकडे गेले, ज्या भागाला चिनी भाषेत ‘क्वा’ म्हणतात. ती घडी दगडासारखी बंद होती. मी ती सोडली, म्हणजे खुर्चीवर बसायला निघाल्यासारखे डाव्या बाजूला किंचित बसले, आणि हातावरचा दाब नाहीसा झाला. तो कमी झाला नव्हता. जोडीदार तेवढेच ढकलत होता, पण दाब आता हाताऐवजी डाव्या टाचेखाली जाणवत होता. मधल्या सगळ्या शरीरातून काहीतरी आरपार गेले होते आणि वाटेत कुठेही अडले नव्हते. माझ्या चेहऱ्यावर काय उमटले कोण जाणे, पण जोडीदारच म्हणाला, “हे काय केलंत?” चोर सापडला होता. नऊ वर्षे मी डाव्या पायाने जमिनीला ढकलत आले होते आणि तो सगळा जोर त्या बंद घडीत मुरून जात होता. उरलेला ठोसा बिचारा खांदा एकट्याने मारत होता.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा जमले नाही. पुढचे दीड महिना जमले नाही. मी त्या अनुभवाचा पाठलाग करत होते, टाचेखालचा तो दाब आठवून तो आणू पाहत होते, आणि आणू पाहण्याच्या त्या खटपटीनेच घडी पुन्हा आवळली जात होती. शिक्षकांनी मला काही आठवडे भाराची तपासणीच बंद केली आणि नुसते वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायला लावले: इतक्या सावकाश की एका फेरीला मिनिट लागावे. जाताना तळपायाच्या आतल्या कडेवर, बाहेरच्या कडेवर, चवड्यावर, टाचेवर वजन कसे सरकते एवढेच पाहायचे. एका पावलात सव्वीस हाडे असतात. ती सगळी जमिनीशी काहीतरी बोलत असतात हे मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आले. हा कंटाळवाणा सराव संपल्यानंतर घडी सोडण्याची क्रिया हळूहळू परत आली, आणि या वेळी ती पाहुण्यासारखी आलेली नव्हती.

हालचालीत हेच टिकवण्यासाठी ताई चीच्या चेन शैलीतला रेशीम उकलण्याचा व्यायाम मिळाला. कोशातून धागा काढताना ओढ एकसारखी हवी, झटका दिला तर धागा तुटतो, थांबले तर गुंततो, या कल्पनेवरून त्याचे नाव पडले आहे. हात हवेत मोठे वर्तुळ काढतो, पण वर्तुळ काढणारा हात नसतो. पाय, खुबा आणि कंबर फिरतात आणि हात त्यांच्या मागून येतो. इथे मी एक चूक केली जी इतरांनी टाळावी म्हणून सविस्तर सांगते. कंबर जास्त फिरावी या हव्यासाने मी गुडघा आत-बाहेर फिरवू लागले. गुडघा हा मुख्यतः बिजागरीसारखा सांधा आहे आणि वाकलेला असताना त्याला पिळाची जी थोडी मोकळीक असते ती वजन पेलत फिरण्यासाठी नाही. पीळ सोसायचे काम खुब्याच्या उखळीच्या सांध्याचे. तीन महिन्यांत माझ्या उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखू लागले, पायऱ्या उतरताना हात कठड्याकडे जाऊ लागला, आणि सराव निम्म्यावर आणावा लागला. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला ठेवायचा आणि खुबा फिरेल तेवढीच कंबर फिरवायची, हा नियम मी त्यानंतर पाळला. वर्तुळ एकदम लहान झाले, दिसायला दरिद्री झाले, आणि पहिल्यांदाच पायापासून हातापर्यंत एकसंध झाले.

शिंगयीच्वान या आणखी एका चिनी युद्धकलेत सांगितलेल्या सहा संगती, म्हणजे शरीराच्या आणि मनाच्या सहा जुळण्या, मी याच सुमारास नव्याने समजून घेतल्या. खांदा खुब्याशी, कोपर गुडघ्याशी, हात पायाशी या तीन बाहेरच्या. मन संकल्पाशी, संकल्प ‘छी’शी, म्हणजे चिनी परंपरा मानते त्या प्राणशक्तीशी, आणि ‘छी’ बळाशी या तीन आतल्या. मी सुरुवातीला बाहेरच्या तीन संगतींचा अर्थ आरशासमोर पाहिला होता, म्हणजे कोपर गुडघ्याच्या वर आहे ना, हात पायाच्या रेषेत आहे ना. तेवढे पुरेसे नाही. कोपर गुडघ्यापासून दूर असतानाही गुडघा हलताच कोपराला ते कळले पाहिजे आणि दोघे एकदम सुरू होऊन एकदम थांबले पाहिजेत. शरीराला याची थोडी उपजत सवय असतेच. उभ्या माणसाने हात झटकन वर उचलला तर खांद्याचा स्नायू आकसण्याच्या आधीच पायाचे आणि धडाचे स्नायू तयारीला लागलेले असतात. हे बेलेंकी, गुर्फिन्केल आणि पाल्त्सेव या सोव्हिएत संशोधकांनी १९६७ मध्ये दाखवले. आतल्या संगतींबद्दल माझे मत सावध आहे. ‘छी’ म्हणजे काय यावर मी वाद घालत नाही. संकल्प मात्र मी दररोज वापरते. जोडीदाराला ढकलायचे असे ठरवले की माझा खांदा उठतो, आणि त्याच्या मागच्या भिंतीपर्यंत हात लांबवायचा असे ठरवले की पाठ आणि पाय उठतात. हात तोच, जोडीदार तोच, फक्त मनात धरलेले ठिकाण वेगळे.

या मार्गावर फसवणूक पुष्कळ आहे, आणि त्यात जाणूनबुजून केलेली कमी, भाबडी जास्त. दोन्ही पाय समांतर ठेवून उभ्या असलेल्या माणसाला समोरून ढकलले तर त्याच्या आधाराची लांबी त्याच्या पाऊलभरच असते. ढकलणारा जोर पुरेसा असला तर तो मागे जाणारच, त्याची जाणीव कितीही सूक्ष्म असो. प्रात्यक्षिकात तो जात नाही, कारण तो ढकलणाऱ्याचा हात नकळत थोडा वर नेतो. त्यामुळे ढकलणाऱ्याचे पाय हलके होतात आणि त्याचाच जोर समोरच्याच्या पायांत उतरतो. हे कौशल्य खरे आहे आणि शिकण्यासारखे आहे, पण त्याला चमत्कार म्हटले की शिकणे थांबते. आमच्या वर्गातही एकमेकांना वर्षानुवर्षे ढकलून आम्ही नकळत एकमेकांच्या सोयीचे ढकलू लागलो होतो. बाहेरून आलेल्या एका ज्युडो खेळाडूने माझी बाही धरून नुसता तिरका हिसका दिला आणि माझी सगळी एकसंधता क्षणात विखुरली. खांदा वर, श्वास बंद, कंबर ताठ. पहिल्या दिवसाची मी जशीच्या तशी परत. तेव्हापासून आम्ही भाराच्या पायऱ्या केल्या. आधी ठरलेल्या दिशेने सावकाश, मग अनोळखी दिशेने सावकाश, मग पावले हलवत, मग बाही धरून, आणि शेवटी समोरचा खरोखर पाडायचा प्रयत्न करत असताना. ज्या पायरीवर श्वास अडकतो त्याच्या एक पायरी खाली बहुतेक सराव करायचा आणि आठवड्यातून एकदा वरच्या पायरीवर हरून यायचे. शेवटच्या पायरीवर मी आजही जास्त वेळा पडते.

चौथ्या वर्षी मी वजनदार बॅगकडे परत गेले. ठोशाचा आवाज पूर्वीपेक्षा लहान येतो, हे सुरुवातीला मला खटकले. पूर्वी बॅगेचा पृष्ठभाग फटकन वाजे आणि बॅग झुलून परत येई. आता ती मधोमध वाकल्यासारखी होऊन थोडी उचलली जाते. खांदा दुखत नाही. डाव्या हाताचा ठोसा मात्र अजून तसा होत नाही, कारण उजवी जांघ डावीइतकी उघडत नाही. त्या गुडघ्याच्या दुखण्याच्या काळात तिने पुन्हा अंग चोरायची सवय लावून घेतली असावी, असा माझा तर्क आहे.

गेल्या महिन्यात सराव संपल्यावर शिक्षकांनी मला थांबवले आणि पहिल्या दिवशीसारखेच, ठोसा संपतो तिथे डावा हात ठेवून उभे राहायला सांगितले. त्यांनी मुठीवर तळहात टेकवला आणि भार वाढवत नेला. मनगट गेले नाही, कोपर फिरले नाही, खांदा जागेवर राहिला, श्वास चालू होता. भार पाठीतून उतरत कमरेपर्यंत आला आणि उजव्या खुब्यात, आतल्या बाजूला, एखाद्या दाराची कडी अडकावी तसा थांबला. मी ती जागा सोडायला लागले. तेवढ्यात ते म्हणाले, “उजवा खुबा.”

“हो सर, आत्ताच कळलं,” मी म्हणाले.